धाकट्या तोंडाचा बांध

खालची वाडी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
२५ ऑक्टोबर १९६१

प्रिय भाई,

नमस्कार. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पनामाच्या कालव्यातून तुमची बोट गेली तेव्हा एका बाजूला ओहोटीने किनारा पार उघडा पडलेला आणि दुसऱ्या बाजूला पाणी जेमतेम हललेलं पाहून तू विचारलंस, की मधली जमीन वर आल्यावर एका समुद्राचे दोन व्हायला किती काळ लागला? मला ठाऊक नाही. कोल्हापूरला आमच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. लाखो वर्षं, एवढंच पुस्तकं म्हणतात, आणि पुस्तकांचंही आपसात जमत नाही.

घरी बरं आहे. काळी गाय व्याली, पाडा झाला. भात कापणीला आलंय. आई तुझी वाट पाहते.

मला ठाऊक आहे ते असं. मधली फट उघडी होती तेव्हा एका महासागराचं पाणी दुसऱ्यात जायचं. फट बुजली आणि प्रवाहाला दुसरी वाट धरावी लागली. एका बाजूचं पाणी जास्त खारट झालं. एकाच जातीचे शिंपले दोन्हीकडे अडकले आणि पिढ्यानपिढ्या वेगळे होत गेले. हिमालय आहे तिथेही पूर्वी समुद्र होता. त्यातून पूर्वेचं पाणी पश्चिमेला युरोपापर्यंत पोचायचं. जमीन उचलली गेली, ती वाटही मिटली. बुजतं ते अरुंद दार, पण बदलतं दोन्हीकडचं सगळं पाणी. हे मी परीक्षेत लिहिलं, पहिला वर्ग मिळवला. वाडीत मात्र मला हे कुणालाही पटवता येत नाही, आणि त्याने माझा जीव नुसता जळतो.

बांधाचं काय झालं, हे तू विचारशीलच. सांगते.

आपल्या खाडीच्या धाकट्या तोंडातून उधाणाचं पाणी शेतात शिरतं. खालचा मळा मिठाने पांढरा झालाय, बाबांचा राग खोटा नाही. पण त्यांनी ते तोंड दगडाने कायमचं बुजवायचं ठरवलं. गावाच्या बैठकीत मी म्हटलं, बांध घाला, पण त्याला दार ठेवा. उधाणाला लावू, एरवी उघडू. पाणी आत-बाहेर खेळलं नाही तर आतली खाडी नासेल. पनामाचा दाखलाही दिला.

बाबलीकाका म्हणाले, "पनामा खंय आणि आमची वाडी खंय! ह्या चेडवाक बोटीत घालून भावाकडे धाडा." सगळे हसले. मीही हसले, आणि हसले म्हणून नंतर स्वतःवरच चिडले.

खरी अडचण काकांची नव्हती, कौलाची होती. देवळात गाऱ्हाणं बाबांनीच घातलं. "म्हाराजा, लेकरांची शेतां राखूची असतीत तर उजवो कौल दी." देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली. सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, देवाला तुम्ही शेतं राखायची का, एवढंच विचारलंत. तोंड बुजवायचं का, हे कुठे विचारलंत? शेतं राखू नका असं कुठला देव सांगेल?"

बाबा म्हणाले, "देवाक दोनदा इचारूचा नसता." झालं. विषय संपला.

आतल्या खाडीच्या चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढून पोट भरणाऱ्या रुक्मिणीमावशीकडे गेले. तिला म्हटलं, तू हरकत घे. ती म्हणाली, "कौल लावलो तेवा आमका कोणी बोलावूक नाय. आणि आता तुझ्या बापाशीच्या गाऱ्हाण्याआड मी येव? माका ह्याच गावात रवाचा आसा गो."

शुक्रवारी मालवणच्या कचेरीतून बांधाला मंजुरी द्यायला साहेब आले. बाबांनी कोट घातला होता. चावडीत स्वतःच्या शेजारी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली आणि लोकांना सांगितलं, "आमचा चेडू बोलतला. बी.एस्सी. आसा." बांधाने कसलंही नुकसान नाही, हे मी साहेबांना सांगायचं होतं. भाई, त्यांचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मावशी मागे खाली बघत उभी.

मी उठले. म्हटलं, "माझी आहे." आतलं पाणी किती दिवसांत बिघडेल ते मला सांगता येणार नाही, पण ते आहे तसं राहणार नाही, आणि त्यावर जगणाऱ्यांना कुणी विचारलेलं नाही, एवढं बोलले. साहेब म्हणाले, "लेखी द्या. अर्ज आला तर खाडी पाहिल्याशिवाय दगड पडणार नाही." मग त्यांनी बाबांना विचारलं, "मुलगी तुमची?" बाबा शुद्ध मराठीत म्हणाले, "होय, माझीच." एवढंच.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी मी ओसरीवर अर्ज लिहीत होते, तेव्हा बाबा जाता जाता थांबले. "माझा नाव त्येच्यात घालू नको," म्हणाले आणि मळ्याकडे गेले.

नुसतं नाव आणि आडनाव लिहून भागलं असतं. पण त्यांच्याशी वैर म्हणून मी हे करत नाहीये. तो मळा माझाही आहे, आणि शिकवलंही मला त्यांनीच. अर्ज मागे घे, असं तू लिहू नकोस. सोमवारी चालत मालवणला गेले आणि अर्ज कचेरीत देऊन आले. खाली सही आहे ती अशी:

सुभद्रा हरिश्चंद्र परब