तरवडाचा उतार साळूबाईच्या नावे

मी, श्रीमती विजयमाला रंगनाथ हारदे, वय ७१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नव्हे, तर एका माणसावरच्या रागाने लिहीत आहे. राग येणे म्हणजे वेड लागणे नव्हे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मला हे इंग्रजीत लिहिणे सोपे गेले असते. पण माझा पुतण्या वैजनाथ याला "मला कळलंच नाही" म्हणायची सवय आहे, म्हणून मराठीत लिहिते.

माझे पती हयात नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही.

१. राहुरीतले राहते घर, बँकेतली शिल्लक आणि इंग्रजी पुस्तके माझी भाची रेश्मा हिला मिळावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्यासारखीच भांडखोर आहे, म्हणून तिला नेमले.

२. डोंगरपट्ट्यातला माझा उतार. ही जमीन मी माझ्या पगारातून घेतली. तिच्यात सासरचा एक गुंठाही नाही, हे वैजनाथने दोनदा वाचावे.

तीन पावसाळ्यांपूर्वी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला असताना त्याने मला न विचारता तिथे वृक्षारोपण ठेवले. झाडे लावायची म्हणून आधी जेसीबीने "झुडपं" साफ केली. करवंद, निर्गुडी, तरवड, पवन्या गवत, जे जे माती धरून उभे होते ते सगळे उपटले आणि त्या जागी गुलमोहराची रोपे लावली. रोपाची मुळे प्लास्टिकच्या पिशवीएवढी. त्यांनी डोंगर धरायचा होता! पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. मोठी सर आली आणि सोललेला उतार गुलमोहरांसकट खाली सरकला.

खाली साळूबाईचे रान आहे. तिची विहीर मुरमाने बुजली. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाई, तुमचा डोंगर आमच्या हिरीत येऊन बसलाय. न्यायचा आसंल तर न्या."

मी वैजनाथला बोलावले. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला झाडांची आवड, म्हणून सरप्राईज दिलं. पावसाला मी काय करू?"

"पावसाला काही करू नकोस. जे उपटलंस ते परत लाव."

"ती काय झाडं आहेत का, काकू? काटेरी रान होतं नुसतं."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही, आणि आता या कागदातूनच बोलते आहे.

नशिबाने मोठ्या खडकापलीकडे मशीन गेले नव्हते. तेवढा तुकडा त्याच पावसात जागचा हलला नाही. मी नर्सरीत गेले नाही. त्या तुकड्यापुढे बसून पाहिले. उघड्या मुरमात तरवड, ओघळीच्या काठाला निर्गुडी, कपारीत करवंद, आणि सगळ्यांच्या मधे पवन्या व मारवेल गवत. तिथलेच बी, तिथल्याच फांद्या घेतल्या. आधी उताराला आडव्या ओळींत गवत, मग झुडपे, आणि झाडे सगळ्यांत शेवटी: हिवर, बोर, पळस. लोक हसले, "मॅडम गवत पेरतात." साळूबाईच्या शेळ्यांनी बोरीची पहिली रोपे साफ केली, तेव्हा आमचे कडाक्याचे भांडण झाले आणि ते अजून मिटलेले नाही. पण यंदा तिच्या विहिरीत गाळ आला नाही.

आता ऐकते की वैजनाथ तिथे प्लॉट पाडायचे बोलतो आहे. म्हणून तो संपूर्ण उतार, माझ्या विळ्या-कुदळीसह, मी साळूबाईला देत आहे. प्रेमाने नव्हे. ती बाई कजाग आहे. पण वर कोणी चूक केली की माती जिच्या विहिरीत पडते, तिच्याइतकी राखण कोणी करणार नाही. अटी: गवत बी झडल्यावरच कापावे. शेळ्या वर सोडू नयेत. साळूबाई, मी मेले तरी हे भांडण चालू आहे. नवरात्रात घटाच्या माळेसाठी गावातल्या कोणत्याही बाईला तरवडाची फुले खुडू द्यावीत, पण मुळाला हात लावू देऊ नये.

३. वैजनाथला, त्याच्या नावाचा वृक्षारोपणाचा स्टीलचा फलक. तो साळूबाईच्या विहिरीतून निघाला. मी घासून ठेवला आहे.

४. माझ्या स्मरणार्थ कोणीही झाड लावू नये.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. त्यांतली दुसरी वैजनाथची बायको. गावाभोवतीचे तरवडही त्याच्याच जेसीबीने गेले, म्हणून ती गेल्या नवरात्रात पिशवी घेऊन माझ्या उतारावर आली होती. तेव्हा मी फांदी वाकवून धरली आणि तिने फुले खुडली. आज तिने विचारले, "काकू, माहेरचं नाव लिहू की सासरचं?"

मी म्हटले, "सासरचं लिही. कोर्टात तेच कामाला येईल."

तिने नाव लिहिले आणि फलक मागितला. "मीच नेऊन देते," म्हणाली.

ठिकाण: राहुरी
दिनांक: १० ऑक्टोबर २०२५

सही: विजयमाला रंगनाथ हारदे

साक्षीदार:
१. सूर्यभान आबासाहेब म्हसे, शेजारी
२. ज्योती वैजनाथ हारदे