तुझ्या दारातली पालखी

हळर्ण,
शिगमा, १९८९

चि. दत्तप्रसाद,

मोठ्या चुलतभावानं आधी आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिला.

कराला कंटाळून तू लिस्बनला गेलास, म्हणून गाव अजून हळहळतो. पाव देताना पोदेरसुद्धा म्हणतो, "सरकारान खाल्लो मरे त्याका!" माझ्यासारख्या मास्तराचा कर तर पगार हातात यायच्या आधीच कापतात, माझ्यासाठी कोण हळहळतो? डिचोलीचे तुझ्यासारखेच बाकीचे खाणवाले तोच कर भरून इथंच आहेत. तुला जायचंच होतं, कर हे निमित्त, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

काल पालखी आली. मान तुझ्या घराचा, म्हणून ती तुझ्या कुलूप लावलेल्या दारासमोर थांबली. माझ्या दारावरून ती दरवर्षी नुसती पुढे जाते. पालखीपुढच्या मानकरी गावकरानं विचारलं, "घरचो कोण आसा?" मी पुढे झालो. तुझ्या वहिनीनं ओवाळलं, मी नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं माझ्या नावानं घातलं गेलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

आज तुझं पत्र आलं. "दादा, कर कमी होणार असं ऐकतो. खरं असेल तर कळव, मी कायमचा परत येतो."

म्हणजे तू खरंच करापायी गेला होतास!

पेडण्याच्या बाजारातही तीच बोलवा आहे. पण हे पत्र मी टाकणार नाही. दुसरं लिहून ठेवलंय, तीनच ओळींचं: "कर वाढतच चाललाय. येण्याची घाई करू नकोस. पालखीची काळजी नको, मी आहे."

तुझाच,
बाबलीदादा