मंगेशच्याच गोण्या

३ नोव्हेंबर, सोमवार
मं.ने पाइप सोडलाच. लॉजच्या मागच्या भिंतीतून थेट ओहोळात. कपडे वाळत घालताना वास आला म्हणून वाकून पाहिलं. आधी साबणाचा फेस, मागून नको ते. याच वळणावर आई धुणी धुवायची आणि मी न् मंगेश एका फडक्यात मासे धरायचो. तेव्हा तो मंगेश होता, आता शेठ. पूर्ण नावाला शाई फुकट कशाला, मं. पुरे.

नगरपरिषदेत गेले. पाइपाविरुद्धचे माझे आधीचे अर्ज म्हणे वर पाठवलेत. वर म्हणजे देवाकडे? मं. तिथेच चहा पीत बसलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "सुमे, तुला ओहोळ हवाय, की माझ्याशी भांडायला निमित्त?" सगळे हसले. साहेबसुद्धा. हसा. लक्षात ठेवलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार
वनराई बंधाऱ्यांचं फर्मान आलं. दरवर्षीचंच. दिवाळी झाली की रिकाम्या गोण्यांत माती भरा, तोंडं शिवा, ओहोळात आडव्या रचा, फोटो पाठवा, मोकळे व्हा. शाळा, कचेऱ्या, सगळ्यांनी एकेक. आमच्या बचतगटालाही एक. साहेबांनी जागा विचारली. मी म्हटलं, लॉजच्या जरा खाली, तिथे पात्र अरुंद आहे. छान, म्हणाले.

घरी येईपर्यंत हसू दाबलं. बंधाऱ्यामागे पाणी चढतं. चढलं की पाइपाचं तोंड बुडतं. बुडलं की मग ज्याचं त्याच्या दारात.

१३ नोव्हें., गुरुवार
गोण्या कमी पडल्या. मुद्दाम मं.कडे गेले. नव्या मजल्याच्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडूनच होत्या. दिल्या, आणि देताना फोटो काढून घेतला. पर्यावरणप्रेमी! उपकार झाले, म्हटलं. इतकं गोड खोटं मला जमतं हे पन्नाशीत कळलं.

१६, रविवार
बांधला. पलीकडच्या पाड्यावरची बुधी, तिच्या सुना, शेजारणी माती भरत होत्या. मी दाभण-सुतळीने तोंडं शिवत होते. जन्मभर ब्लाउज शिवलेत, टाका कसला निसटतोय. रचायचं काम बुधीचं. एका उंचीला थांबली. "बस बाई. याच्यावर नाय घेत."
मी म्हटलं, अजून दोन थर. रचले. तिने कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
मं.ने वडे वाटले. मीही खाल्ला. बरा होता.

२२, शनिवार
आजचा दिवस.
धुकं बघायला आलेल्या पाहुण्यांनी लॉज भरलेला. दुपारी मागच्या अंगणात चेंबरची झाकणं उचलली गेली आणि सगळं वर. पाहुणे नाकाला रुमाल लावून बॅगा गाडीत टाकतायत. मं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइपात बांबू खुपसतोय. मी ओट्यावर खुर्ची टाकून चहा घेतला. मग दुसरा घेतला.

संध्याकाळी आला. बंधारा फोड म्हणाला. सरकारी आहे, म्हटलं, फोटो वर गेलाय. आणि गोण्या तुझ्याच आहेत. तेव्हाचा त्याचा चेहरा! जिवाला किती बरं वाटलं ते लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला होईल.

२५, मंगळवार
बुधी दारात. ये म्हटलं तर आत आली नाही.
लॉजच्या वरच्या अंगाला, काठाच्या वाळूत, त्यांचा झिरा आहे. खणलेल्या खड्ड्यात पाझरतं ते पाड्याचं पिण्याचं पाणी. लॉजच्या वर म्हणून मी निर्धास्त होते. तुंबलेलं पाणी मागे सरकत सरकत तिथवर गेलंय. मं.ची घाण झिऱ्यावर उभी आहे. बुधीच्या धाकट्या सुनेला उलट्या-जुलाब, दवाखान्यात सलाइन लावलंय. पोर सूर्यमाळची. माहेरी उन्हाळाभर पाण्यापायी वणवण, आणि इथे हे.
"बाई, भांडन तुमचा दोघांचा. पानी आमचा."
एवढं बोलून गेली.
ते दोन थर. माझेच. जेवण गेलं नाही.

२६, बुधवार
दवाखान्यात जाऊन आले. सून बरी आहे. माझ्याकडे बघेना. तिथून तशीच मं.कडे. म्हटलं, बंधारा उतरवते, आधी पाइप बंद कर, मैल्याची टाकी बांध. म्हणाला, आधी उतरव, मग बघू. त्याचं 'बघू' मी शाळेपासून ओळखते.

दुपारी त्याने पाड्यावर टँकर पाठवला. हंड्यांची रांग, पुढे मं., फोटो. करून सवरून नामानिराळा, वर पुण्यवान. बुधीनेही हंडा भरला. भरणारच, पिणार काय? मला रागाने रडू आलं. उतरवला तर तो जिंकला. नाही उतरवला तर तो आणि मी एकाच माळेचे मणी...

२८, शुक्रवार
सकाळी कोयता घेऊन बंधाऱ्यावर गेले, तर बुधी आणि बायका आधीच पाण्यात उभ्या. सगळा फोडते, म्हटलं.
"सगळा कशाला? तू चढवलास तेवढा काढ."
गोण्या कापायला वाकले तर तिने हात धरला. एकही फोडू दिली नाही. अख्ख्या उतरवल्या. पाणी हळूहळू ओसरलं. झिरा उघडा पडला, गाळाने भरलेला. उपसून उपसून स्वच्छ होईपर्यंत पिता यायचा नाही. पाइपाचं तोंडही उघडं पडलं आणि लगेच वाहायला लागलं. मं. भिंतीवरून बघत होता. हसत होता.

बुधीने दोघींकडून एक गोणी डोक्यावर चढवून घेतली. मला वाटलं काठावर टाकेल. ती सरळ पाइपापाशी गेली आणि तोंडात गोणी दाबून बसवली. मग दुसरी. मग सगळ्या बायका, आणि मी. बंधारा रचतात तशाच, सांध्यावर सांधा न येऊ देता. मं.चं हसू गेलं. ओरडायला लागला, पोलिसांचं नाव घेतलं. बुधीने वर पाहिलंही नाही.
"आता भांडन पन आमचा," म्हणाली.

तक्रार माझ्याच नावाने होईल. होऊ दे, टाके माझेच आहेत. उद्या शनिवार, लॉजवर पाहुणे येणार. गोण्या तो काढायला लावणारच.
येताना बाजारातून सुतळीचा नवा गुंडा आणला. दाभणाशेजारी ओट्यावर ठेवलाय.