माझ्या फियाटची डावी सीट

मी, नलिनी भास्कर पेडणेकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, मूळची चिपळूणची, राहणार टोकरखाडा, सिल्वासा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास माझ्या यजमानांना विचारू नये.

१. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा यजमानांना. ठेवी योगेश व प्राजक्ता या मुलांनी न भांडता वाटून घ्याव्यात. पैठणी प्राजक्ताची.

२. आमच्या दारात दोन जुन्या गाड्या आहेत. अँबेसेडर यजमानांची, तिच्यावर माझा हक्क नाही, मला तो नकोही. गलोंडा गावाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती पोटातलं पाणी हलू देत नाही, हे मान्य. पण वळवायला मैदान लागतं बाई! माझी फियाट बाजाराच्या गल्लीत सुळकन शिरते. तरी दसऱ्याला हे अँबेसेडरला भरगच्च हार घालतात आणि फियाटला उरलेली झेंडूची फुलं. हे मी विसरलेले नाही.

३. फियाट मी यांना न विचारता आणली. तेव्हा हे गरजले, "या डबीत मी मेलो तरी बसणार नाही!" तेव्हापासून दर रविवारी आम्ही दादऱ्याच्या वनगंगा बागेत जातो ते दोन गाड्यांतून, पुढेमागे. लोक हसतात. मीही हसते. पण शेजारची सीट रिकामी बघून कधीकधी फार वाईट वाटतं.

४. माझ्यामागे हे तोंड पाडून घरात बसतील, एवढीच मला धास्ती आहे. म्हणून फियाट मी यांनाच देते. अट अशी, की दर रविवारी तीच घेऊन बागेत जायचं. न गेल्यास गाडी भावेश मेकॅनिकला जाईल. माझ्या हयातीत एकदा जरी हे माझ्या शेजारी बसले, तर अट माफ.

५. सहीपूर्वी हाताने जोडलेले: आज रजिस्ट्रारकडे निघताना अँबेसेडर सुरूच होईना. हे निमूट फियाटमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. साक्षीसाठी मागे बसलेला भावेश आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत ओरडला, "काका, तुमच्या गाडीची वायर तर तुमच्याच खिशात छे!"

हे म्हणाले, "गप रे. काकीला गाडी चालवू दे."

वाटणीदाराला साक्षीदार करू नये, असं कारकून म्हणाले. त्यामुळे हे बाहेर फियाटमध्येच थांबले आहेत; भावेशचा वाटा अटीबरोबरच गेला, म्हणून तो चालतो. अट माफ.

स्थळ: सिल्वासा
दिनांक: १७ जानेवारी २०२५

सही: नलिनी भास्कर पेडणेकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. भावेश पंचाल, मेकॅनिक
२. सुमन देवरे, शेजारी