उद्याची तारीख

११ मार्च, सोमवार

चौथा स्क्रू फिरतो, पण निघत नाही. शेवटी त्याच्या डोक्यावर रबर बँड ठेवून पेचकस दाबला, तेव्हा आला. लॅपटॉपचं पोट उघडलं. आत मांजराचे केस.

दुकानातला पहिला दिवस चांगला गेला. मालक टॉइवोने मला मागची खिडकी दिली आहे. डावीकडे रंगाचे डबे, उजवीकडे मासेमारीचं सामान, मधे माझं टेबल, आणि समोर सबंध गोठलेलं तळं. बर्फ अजून पांढरा आहे. मधोमध बाबांचं बर्फावर बसून मासे पकडायचं हिरवं खोपटं दिसतं. नियमाप्रमाणे त्याच्यावर त्यांनी नाव आणि पत्ता रंगवला आहे. अक्षरं एवढी मोठी, की इथून वाचता येतील.

ही वहीही टॉइवोनेच दिली. काय केलं, काय झालं, रोज लिहायचं. तो म्हणाला, "मार्लीस, तू उद्या डेट्रॉइटला परत पळालीस तर पुढच्याला कळायला नको?" मी म्हटलं, मी पळून जायला नाही, पळून आले आहे. तो हसला.

लॅपटॉप हेल्मी कांगसबाईंचा. बाबांच्या शेजारी राहतात. तक्रार एकच. पत्ते खेळा, पत्र लिहा, दिवसभर चालतो. इंटरनेटवर गेलं की चार-पाच मिनिटांत पडदा काळा. बाई म्हणाल्या, "माझ्यासारखाच आहे ग तो. घरात ठणठणीत, बाहेर काढलं की आडवा."

पंखा साफ केला. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. इंटरनेटवर सोडला. चार मिनिटांनी बंद.

१२ मार्च, मंगळवार

गरम होत नाही. हात लावून पाहिला, मोजूनही पाहिला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या तपासल्या, मग बदलल्या. चार्जर बदलला. चार मिनिटं.

घड्याळ एक दिवस पुढे आहे. आतली बटणासारखी बॅटरी संपली असणार. नवी घातली, वेळ लावली.

दोष बाईंच्या खात्यात असेल असं वाटलं. म्हणून ते काढून ब्राउझरमध्ये माझं खातं उघडलं. तपासणीची सगळी पानं माझ्या खात्यात साठवलेली आहेत, ती आपोआप येतात. गिऱ्हाइकाच्या मशीनवर स्वतःचं खातं उघडू नये, हे या धंद्यात प्रत्येक जण शिकवतो आणि प्रत्येक जण उघडतो. नंतर बंद करायचं लक्षात ठेवलं की झालं.

चार मिनिटं.

संध्याकाळी बाबांनी दोन मासे आणले. माझ्या ताटात मोठा वाढला. वीस वर्षांनी घरी आलेल्या मुलीचं त्यांच्याकडे हेच स्वागत.

१३ मार्च, बुधवार

नवी डिस्क घातली, सगळं कोरं बसवलं. जुनं काहीही उरलं नाही. पुन्हा माझं खातं उघडलं. चार मिनिटांनी बंद.

घड्याळ परत उद्याची तारीख दाखवतं. बॅटरी नवी आहे.

कोणत्या पानावर बंद पडतो ते पाहायला ब्राउझरची नोंदयादी उघडली. सगळ्यात वर एक शोध आहे, माझ्या खात्यातून. गुरुवार, संध्याकाळी पाच वीस. "पास्टीत सलगम नसेल तर काय घालावं."

मी असं काही शोधलेलं नाही. गुरुवार उद्या आहे. उघडायला गेले, पान अर्धं पांढरं आलं आणि बंद.

१४ मार्च, गुरुवार

बाबांना पास्टी हवी होती, मांस-भाजी भरलेली मोठी करंजी. वाणसामानाच्या दुकानात सलगम नव्हते, मालाची गाडी आली नाही म्हणाले. मी भाज्यांपुढे उभी राहून फोनवर टाइप केलं. बोट उचलल्यावर लक्षात आलं, मी काय टाइप केलं ते. वेळ पाहिली. पाच वीस.

गाजर घातलं. बाबा म्हणाले, खाण्यासारखी झाली आहे.

१५ मार्च, शुक्रवार

टॉइवोला सांगितलं. तो खिळे मोजत होता. म्हणाला, "मग उद्याच्या लॉटरीचे आकडे बघ की. अर्धे तुझे, अर्धे माझे." मी म्हटलं, उत्तरं दिसत नाहीत, फक्त प्रश्न दिसतात. तो म्हणाला, "मग मशीन कशाला हवं? नुसते प्रश्न तर माझी बायकोही विचारते."

मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, आज लवकर घरी जा.

शनिवारच्या नोंदीत मुसळधार पावसाबद्दल एक शोध आहे. उद्या पाऊस सांगितलेला नाही.

१६ मार्च, शनिवार

पाऊस पडला. मी तो शोध केला. करायचा नाही असं सकाळी ठरवलं होतं. गाडीचा काच पुसणारा दांडा तुटला, पाऊस कधी थांबणार ते पाहायला फोन काढला, आणि झालं होतं.

पावसाने बर्फाचा रंग उतरला. काठाने राखाडी दिसतो. लोक खोपटी ओढून आणायला लागले. बाबांचं अजून तिथेच आहे. खोपटी काढायला महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे, घाई कसली, म्हणतात.

१८ मार्च, सोमवार

सकाळी पहिलं काम, यादी उघडली. उद्याच्या तारखेच्या तीन नोंदी. माझ्या नावाखाली.

सकाळी ७:५२. बर्फाखालच्या पाण्यात माणूस किती वेळ जगतो.
७:५५. बचाव पथकाला तळ्यावर पोचायला किती वेळ लागतो.
७:५९. तळ्यात माणूस बुडाला, बातमी, नाव.

बाबा रोज साडेसहाला बर्फावर जातात.

तिसऱ्या पानावर नाव असेल. ते पान उघडायला हवं. मेमरी पुन्हा बदलली. वायफाय काढून तारेने जोडला. चित्रं बंद केली. नुसता मजकूर मागवला. अकरा वेळा. प्रत्येक वेळी मथळ्याची पट्टी येते, खाली पांढरं, आणि काळोख. सात वर्षं हेच काम करते आहे. माझ्याकडे करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

दुपारी

एक करता येईल. उद्या दुकानात यायचंच नाही. फोनही बंद ठेवायचा. मी टाइपच केलं नाही तर त्या नोंदी होतील कशा?

टॉइवोला उद्याची सुट्टी मागितली. दिली. लॅपटॉप बंद करू का विचारलं, म्हणाला राहू दे तसाच, हेल्मी आली तर दाखवतो.

संध्याकाळी

बाबांना सांगितलं, उद्या एक दिवस जाऊ नका. कारण विचारलं. सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मी बहात्तर वर्षं या बर्फावर चालतोय. तू वीस वर्षं डांबरावर चाललीस. आणि आता तुला हेल्मीचा डबा सांगतो, बर्फ कसाय ते?"

मी रडले. ते उठून बशा धुवायला लागले. जाणार नाही असं म्हणाले नाहीत.

त्यांचे बर्फावरचे बूट मी धुण्याच्या मशीनमागे लपवले.

१९ मार्च, मंगळवार. ६:५०

अंथरूण रिकामं. बूट आहेत तिथेच आहेत. साधे जोडे नाहीत. त्या जोड्यांनी गेले — घसरतील —

७:१५

होड्या पाण्यात सोडतात त्या उतारावर आहे. गाडीत. खोपटं दिसतं. हाका मारल्या. वारा आपल्याकडून तिकडे आहे, ऐकू जायला हवं. उत्तर नाही. बर्फावर पाऊलखुणा आहेत पण कालच्या की आजच्या कळत नाही.

कोणी नाही इथे. फोन घरी आहे, बंद. मीच बंद केला. परत जाऊन यायला वीस मिनिटं.

७:२८

काठाला पाणी आहे, हातभर. फळी टाकली आहे कोणीतरी. त्याच्या पुढे पांढरा. पांढरा चांगला असतो, बाबाच म्हणतात.

मला काही होणार नाही. ७:५२ला त्या नोंदी माझ्याच खात्यातून होणार आहेत. म्हणजे तेव्हा मी असेन. कुठेतरी बसून टाइप करत असेन. म्हणजे जाणार ते बाबा. अजून चोवीस मिनिटं आहेत. त्यांना बाहेर काढलं की —

७:३३

खोपट्याचं दार हललं. वाऱ्याने की — नाही, आत कोणीतरी — जाते. वही सीटवर ठेव

२० मार्च, बुधवार, सकाळ

ही वही पोलिसांनी मला दिली. दुकानाची आहे म्हणून. सगळी वाचली. पुढचं मी लिहितो.

काल मी सात वाजता दुकान उघडलं. पावणेआठच्या जरा आधी मागच्या खिडकीतून कोणीतरी बर्फावर चालताना दिसलं. खोपट्यापासून पन्नास पावलांवर ते दिसेनासं झालं. मग डोकं वर आलं. इथून चेहरा कळत नव्हता. मला वाटलं आर्वो, मार्लीसचे वडील.

आधी बचाव पथकाला फोन केला. येतो म्हणाले. दोर घेऊन काठापर्यंत धावलो, बर्फ माझ्या वजनाने तडकला, मागे फिरलो. दुकानात परत आलो आणि हातात काही काम उरलं नाही. दुकानाचं मशीन फक्त बिलं करतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्यालाच विचारलं, माणूस किती वेळ जगतो. मग पथकाचं विचारलं. मग बातमीत नाव आलं का ते पाहिलं. कोपऱ्यात मार्लीसचं नाव होतं. ते कसं काढायचं मला माहीत नाही, म्हणून तसंच राहू दिलं.

लॅपटॉप बंद पडला नाही. तिन्ही पानं पूर्ण उघडली. नाव तेवढं अजून कुठे आलं नव्हतं.

पथकाने तिला साडेआठला काढलं.

आर्वो पहाटेपासून हेल्मीच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. मुलीने बूट लपवले अशी तक्रार करायला गेला होता. तिथेच त्याला सांगितलं. खोपट्यात कोणी नव्हतं.

आज सकाळी हेल्मी आली आणि लॅपटॉप घेऊन गेली. चालतो.

— टॉइवो