दोनदा वाढलेला भात

ती. फुमिएताईस,

कानाझावाहून धाकट्याचा नमस्कार. थंडी पडू लागली. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या आग्रहाने प्रवासाला आलो आणि इथे स्वयंपाकाच्या वर्गालाही बसलो. मला स्वतःपुरते रांधता आले तर घर ठेवायचे, नाहीतर मुलाकडे ओसाकाला जायचे, असे आपले ठरलेच आहे. काळजी नसावी, मिसोचे सार जमले. त्याचे शास्त्र फार सुंदर आहे: सोयाबीन आंबवून केलेला मिसो आच बंद केल्यावरच विरघळवायचा, म्हणजे सुगंध उडून जात नाही. चाळीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, पण इतक्या वर्षांच्या संसारात किनुएला हे कधी विचारले नाही. चव मात्र मला अजून लागत नाही.

मग मी माझ्या वाडग्यात भात वाढला. शिकवणाऱ्या मोरिशिताबाई ओरडल्या, "अहो मास्तर, एकाच डावात? असा मेलेल्यापुढे ठेवतात! जित्या माणसाला दोनदा वाढायचं."

शेजारच्या आजी म्हणाल्या, "असू दे गं, निघायची घाई असेल त्यांना!"

सगळे हसले. मीही हसलो.

किनुए गेल्यापासून रोज सकाळी तिच्या तसबिरीपुढे एकदाच वाढतो आणि त्याच हाताने माझ्या वाडग्यातही एकदाच. सात महिने हे माझ्या लक्षात आले नव्हते.

बाईंनी लाकडी डाव पुन्हा माझ्या हातात दिला. मी थोडा भात वर घातला आणि सगळा संपवला. विशेष काही वाटले, असे नाही.

ताई, घर ठेवू या. गुरुवारी परततो. भाऊजींना घेऊन जेवायलाच ये. तिघांनाही दोनदा वाढीन.

तुझा,
तोशिहारु