शेवटच्या पिठाची चानकी

माय, परातीतलं पीठ संपत आलं की शेवटचा एवढासा गोळा तू माझ्या हातावर ठेवायचीस. त्याची चिमुकली भाकरी, चानकी, मीच थापायची आणि वाकडी झाली तरी मीच खायची. घरात माणसं किती, भाकरी किती, हे मी शाळेआधी तुझ्या चुलीपुढंच शिकलो. बाप नांदेडच्या दवाखान्यात गेला, तेव्हा बाया मला सांगत होत्या की तो बरा होऊन येईल. चूल पुन्हा पेटली त्या दिवशी तू पीठ मळता मळता म्हणालीस, "न्हाई लेकरा, मेला त्यो. आता येत न्हाई. मोज बरं, भाकरी किती टाकू?" मी मोजल्या. एक कमी भरली. तुझा फार राग आला होता मला. दगडाच्या काळजाची वाटलीस.

माझी बायको भादव्यात तापानं गेली. पोरगी चार वर्षांची. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, आई गावाला गेलीय. तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "घरच्या कामात सोबत घेत जा, लेकरू त्यातच शिकतं." म्हणून मोंढ्यातून हमाली करून आलो की मी तिला परातीपुढं बसवतो. ती चानकी थापते. मी विचारतो, "ही कुणाची?" ती मुकाट्यानं खाते. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमी दिवसभर बाहेर. लेकरू वाळून चाललं. मी नेते तिला." ती बोलायला लागली तर इथंच राहील, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

आज सकाळी ती बोलली. सासूबाई पिशवी भरत होत्या. पोरगी आपणहून परातीपुढं येऊन बसली, चानकी थापली, पण भाजल्यावर खाईना. मी विचारलं, "ही कुणाची?"

"आईची," ती म्हणाली. "आमी गावाला चाललो ना?"

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. पोरीला ठेवून घ्यायचं तर तिला खरं सांगणं भाग होतं. तू हात पिठात असताना सांगितलंस, माय. मी ती चानकी फडक्यात बांधली आणि म्हणालो, "गरम हाय, जपून ने."

दुपारच्या एसटीनं दोघी गेल्या. खिडकीतून ती सारखी बोलत होती.

तू गेलीस तिथं हे धाडायला पत्ता कुठला आणायचा? आतापर्यंत ती वारंगा फाट्याला उतरून आजीच्या घरी पोचली असेल, आईला शोधत घरभर हिंडली असेल. मी फोन बंद करून ठेवलाय.